कळव्याच्या तारा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज एकाएकी गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईकडे वीज आणणाऱ्या कळवा-पडघे या ४०० केव्ही (चार लाख व्होल्ट) वाहिनीचे एक सर्किट, म्हणजे तारांचा एक संच, देखभालीसाठी बंद होते. त्याचा भार ज्या दुसऱ्या सर्किटवर टाकला होता, तेही ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. अशा वेळी मुंबईला ग्रिडपासून, म्हणजे सामायिक वीजजाळ्यापासून, तोडून चालू ठेवणारी आयलँडिंगची व्यवस्थाही त्या दिवशी टिकली नाही.

अशा घटनेची शक्यता कागदावर किती भरते, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. एखादी वाहिनी हजार दिवसांत एकदा बंद पडते असे मानले, तर दोन वाहिन्या एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे सुमारे २,७०० वर्षांतून एकदा. हा गुणाकार बिनचूक आहे. मात्र एकीच्या बिघाडाचा दुसरीशी काही संबंध नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. वर्षातले दहा दिवस एक वाहिनी देखभालीसाठी बंद राहत असेल, तर तेवढ्याने हा धोका शंभर वर्षांतून एकदा इतका होतो. आणि वाढलेल्या भारामुळे उरलेली वाहिनी त्या दिवसांत दहापट सहज ट्रिप होत असेल, तर दहा वर्षांतून एकदा.

हजारात एक हा आकडा तरी कुठून आणायचा? सलग ३,००० दिवस, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ, एकही बिघाड झाला नाही, तरच दैनंदिन धोका हजारात एकपेक्षा जास्त नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. इतकी वर्षे यंत्रणा जशीच्या तशी राहत नाही, ही अडचण वेगळीच.

पर्यायी यंत्रे वाढवूनही हा प्रश्न सुटेलच असे नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात डिझेल जनरेटर एकाहून अधिक होते. परंतु त्यांपैकी बरेचसे तळघरांत असल्यामुळे त्सुनामीच्या एकाच लाटेने ते एकदम निकामी केले.

ठाण्यातील एखाद्या सोसायटीचा जनरेटरही तळघरात असतो आणि तिथले पाणी उपसणारा पंप त्याच जनरेटरवर चालतो. पावसाळ्याआधी जनरेटर चालवून पाहतात, पण तेव्हा तळघर कोरडे असते.