गाडी कुणी बुडवली?

(नागभीड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, रोवणीचे दिवस असूनही तुम्ही इतके जण आलात. बसमधून उतरल्यापासून इथं पोचेपर्यंत चार जणांनी मला एकच गाऱ्हाणं ऐकवलं: रोवणीला बाया मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. मोटारींचे कारखानदारही हेच सांगत आले आहेत. फरक एवढाच, की धानाचा भाव तुमच्या हातात नसतो. त्यांच्या हातात पुष्कळ काही होतं.

कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ॲम्बॅसडर तयार व्हायची. मुळात ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मे २०१४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सनं काम थांबवल्याची नोटीस लावली. त्यात कारणं दिली होती: उत्पादकता फार कमी, वाढती बेशिस्त, पैशाची चणचण, गाडीला मागणी नाही. क्रम बघा. कामगाराची बेशिस्त आधी, गिऱ्हाईक नंतर! तेव्हा तिथं अडीच हजारांच्या आसपास कामगार होते आणि आदल्या आर्थिक वर्षात खपलेल्या गाड्या जेमतेम सव्वादोन हजार. म्हणजे वर्षभरात माणसामागे धड एक गाडीही नाही. पगार निम्मे केले असते तरी तो कारखाना तरला नसता.

ही पाळी का आली? बाहेरची गाडी देशात येऊ द्यायची नाही आणि आतल्यांनी किती काढायच्या तेही सरकारी लायसन्सवर ठरायचं. इकडे ॲम्बॅसडर, तिकडे मुंबईत कुर्ल्याला फियाट, तीच पुढे पद्मिनी झाली. पैसे भरून गिऱ्हाईक वर्षानुवर्षं थांबायचं. दारात रांग असली की माल सुधारायची गरज कोणाला वाटते? मग डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या मदतीनं मारुती ८०० आली. कारखाना गुडगावचा आणि कामगार इथलेच होते, जपानहून आणलेले नव्हते. पद्मिनी नवं शतक लागता लागता बंद पडली. ॲम्बॅसडर सरकारी गाड्या आणि टॅक्सींच्या आधारानं आणखी काही वर्षं रेटली गेली, इतकंच.

कोणी म्हणेल, अमेरिकेत तर मजुरीनंच कंपन्या बसल्या. त्यात तथ्य आहे. जनरल मोटर्सनं १९५० साली युनियनशी पाच वर्षांचा करार केला, त्यात पेन्शन आणि आजारपणाचा खर्च आला. धंदा जोरात असताना पुढच्या तारखेची वचनं देणं सोपं असतं. पुढे निवृत्त माणसं वाढली, आणि दर गाडीमागे नुसत्या आरोग्यखर्चाचेच सुमारे दीड हजार डॉलर पडू लागले. २००९ मध्ये आधी क्रायस्लर आणि मग जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. पण त्या करारावर सही कामगारानं एकट्यानं केली नव्हती.

आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचं काय करायचं? तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. कामगार वाह्यात, रोज पाचातला एक गैरहजर, असा त्याचा लौकिक. १९८४ मध्ये टोयोटानं जनरल मोटर्सच्या भागीदारीत तोच उघडला. युनियन तीच, कामगारही बहुतेक तेच, आणि पगारही युनियनच्या दराचा. बदललं काय, तर प्रत्येकाच्या डोक्यावरून एक दोरी गेली. नटबोल्ट नीट बसला नाही तर कामगारानं ती ओढायची. पर्यवेक्षक धावत यायचा, आणि तेवढ्यात निस्तरलं नाही तर गाड्या जोडायची सगळी लाइन थांबायची. आधी लाइन थांबवणं हा गुन्हा होता. वाकडी गाडीसुद्धा पुढे ढकलायची, शेवटी दुरुस्त करू म्हणून. थोड्याच काळात या कारखान्याच्या गाड्या दर्जात जपानी गाड्यांच्या जवळ जाऊन बसल्या. गैरहजेरीही पार खाली आली.

आपल्याकडचं बघा. चिखलणीला केजव्हील, म्हणजे लोखंडी जाळीची चाकं, लावून तुमच्या बांधीत फिरतो तो ट्रॅक्टर बहुधा देशी कंपनीचाच असतो. महिंद्राचे ट्रॅक्टर तर नागपूरजवळ हिंगण्याला बनतात. परदेशी जॉन डिअर आली, न्यू हॉलंड आली, तरी महिंद्राचा पहिला नंबर गेला नाही. उलट सरकारी एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, घड्याळांचंही त्याच वर्षी. (आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेल्या धानाला त्याच घड्याळावरून नाव मिळालं. घड्याळ गेलं, धान अजून पिकतंय.) आणि परदेशी म्हणजे अजिंक्य असंही नाही. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन आवरायला घेतलं आणि साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला.

फ्रेमाँटच्या दोरीबद्दल एक सांगायचं राहिलं. टोयोटानं तिथं लेखी कबूल केलं होतं की कंपनीच्या जिवावर बेतल्याशिवाय कोणाला कामावरून काढणार नाही. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली, तरी माणसं काढली नाहीत, त्यांना प्रशिक्षणाला बसवलं. आता या गावातली आयटीआय झालेली पोरं पुण्याला, चाकणला जातात ती बहुतेक ठेकेदारामार्फत, काही महिन्यांच्या बोलीवर. चूक दिसली म्हणून लाइन थांबवायची छाती त्यातल्या कोणाची होईल? मागे बसलेत त्यातले दोघे-तिघे तिकडे राहून आलेत. त्यांनीच सांगावं, मी आता खाली बसतो.