पुसण्याआधी एकदा वाचा

नमस्कार श्रोतेहो.

ग्रुपवर येणारे नको ते मेसेज काढायचे कसे आणि काढताना काय जपायचं, यावर आज बोलायचं आहे. यवतमाळ भागातल्या कापूस उत्पादकांचा एक टेलिग्राम ग्रुप मी आणखी दोघांबरोबर सांभाळतो. त्यामुळे जे सांगणार आहे ते आमच्या हातून घडलेलं आहे.

ग्रुप सुरू केला तेव्हा हेतू साधा होता. पेरणी, डवरणी, फवारणी आणि कापसाचा भाव, एवढ्यावर बोलायचं. दोन महिन्यांत त्यात रमीच्या जाहिराती शिरल्या. पाच मिनिटांत कर्ज देणारे आले. एका पहाटे कुणीतरी अश्लील व्हिडिओची लिंक टाकली आणि त्या दिवशी चार बायका ग्रुप सोडून गेल्या. हे फार लागलं. शेतात निम्म्याहून जास्त काम बायका करतात, आणि शेतीच्या ग्रुपवर त्याच नसतील तर तो ग्रुप कसला?

मग आम्ही बॉट बसवला. बॉट म्हणजे ग्रुपवर राखण करणारा एक छोटा प्रोग्रॅम. त्याला शब्दांची यादी द्यायची. यादीतला शब्द दिसला की तो मेसेज पुसून टाकतो, रात्री दोन वाजताही. आम्ही तिघांनी बसून यादी केली. रमी, सट्टा, लोन आणि घाणेरडे म्हणून जे जे शब्द आठवले ते सगळे. दुसऱ्या दिवसापासून ग्रुप निवळला. आम्हाला वाटलं, काम झालं.

पुढे ऑगस्ट आला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, फुलावर, पोळा आठ-दहा दिवसांवर. आठवडी बाजारात एक ताई भेटल्या. चार एकर कापूस करतात, ग्रुपवर पहिल्यापासून आहेत. मी नमस्कार केला तर त्यांनी तोंड फिरवलं. मग स्वतःच म्हणाल्या, "भाऊ, मी आता तुमच्या ग्रुपवर काई टाकत नाई."

"का हो ताई?"

"टाकलं का पुसता तुमी. तीन रात्री टाकलं, तीनदा पुसलं. बाईमाणसानं इचारलं त पुसून टाकाचं, असं हाये का?"

मला काही उमजेना. मी तर एकही मेसेज पुसला नव्हता. विचारलं, काय टाकलं होतं? त्यांनी भाजीच्या पिशवीतून वही काढली. पोराची जुनी शाळेची वही, मागच्या कोऱ्या पानांवर पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, सापळा, पतंग. पहिल्या रात्री 9. दुसऱ्या रात्री 11. तिसऱ्या रात्री 14.

कापूसवाल्यांना वेगळं सांगायला नको. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, की गुलाबी बोंडअळीनं, म्हणजे बोंडात शिरून कापूस खाणाऱ्या अळीनं, धोक्याची पातळी गाठली. हे पतंग त्या अळीचेच. या बाईंनी बरोबर तेच मोजलं होतं आणि बरोबर त्याच वेळी ग्रुपला कळवलं होतं.

मेसेज त्यांनी आधी वहीत लिहून काढला होता. तो मी तिथेच उभ्या उभ्या वाचला: "माझ्या सेक्स फेरोमोन सापळ्यात आज नऊ पतंग आले. आता काय करावं?"

तेव्हा उलगडा झाला. आपण त्याला कामगंध सापळा म्हणतो. मादीचा वास लावलेली गोळी, म्हणजे ल्यूर, आत टांगतात आणि त्या वासावर नर पतंग येतात. ल्यूरच्या पाकिटावर इंग्रजीत जे नाव छापलं होतं, तेच ताईंनी मराठी अक्षरांत उतरवलं. शास्त्राचा साधा शब्द. पण तो आमच्या यादीत होता. बॉटनं शब्द पाहिला, मेसेज पुसला. तीन रात्री, तीनदा. ताईंना कारण कळलं नाही, आम्हाला मेसेज कळला नाही.

मी माफी मागितली. संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांदेखत पुन्हा मागितली आणि वहीच्या त्या पानाचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक आपापल्या वावरात डोमकळ्या शोधायला लागले. डोमकळी म्हणजे न उमललेलं फूल. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या पीळ घालून मिटलेल्या असतात. हातानं उघडली की आत अळी. दुपारपर्यंत पाच-सहा गावांतून तसे फोटो आले. लोकांनी डोमकळ्या अळीसकट तोडून नष्ट केल्या, निंबोळी अर्क फवारला. 2017 च्या हंगामात या अळीनं विदर्भात काय केलं ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा बऱ्याच जणांना बोंडं फोडल्यावर कळलं होतं.

जाता जाता सांगतो, विषय थोडा बाजूचा आहे. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवू नका. चार वेच्यांच्या लोभानं फरदड घेतली, म्हणजे जुनीच झाडं ठेवून पुन्हा कापूस काढला, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. हे मी दरवर्षी सांगतो आणि सांगत राहणार.

तर श्रोतेहो, ग्रुपकडे येऊ. आम्ही बॉट काढला नाही. एक गोष्ट बदलली. यादीतला शब्द आला तर बॉट मेसेज ग्रुपवरून काढतो, पण फेकत नाही. तो एका वेगळ्या पेटीत जातो, आणि ती पेटी रोज रात्री जेवणानंतर तिघांपैकी एक जण वाचतो. ज्याचा मेसेज अडला त्याला लगेच कळतं, "तुमचा मेसेज तपासायला ठेवला आहे." पुसण्याआधी एका माणसानं वाचायचं. पुन्हा सांगतो, पुसण्याआधी एका माणसानं वाचायचं.

घरात तांदूळ निवडणाऱ्यांना हे पटेल. चाळणीनं कणी निघते, सुपानं कोंडा उडतो. पण तांदळाएवढाच पांढरा खडा दोन्हींतून सुटतो. त्याला ताटच घ्यावं लागतं. यंत्राचं तसंच आहे. ईमेलमध्ये जे गाळण असतं ते याहून हुशार. चांगल्या आणि वाईट पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात हे मोजून ते अंदाज बांधतं, एका शब्दावर निकाल देत नाही. तरी तोही अंदाजच. त्यात आपण मराठी कधी देवनागरीत, कधी इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द दहा तऱ्हांनी लिहितो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, मराठी देवनागरीतच लिहा. माणसाला वाचायला बरं, यंत्राला ओळखायला सोपं.

दुसरीकडे, काही मेसेज थांबवायलाच हवेत. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी निरपराध माणसं होती ती. अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. मेसेजवर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं, तर तो पुढे ढकलू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ते दोन बाण दाखवून ठेवा.

बरेच जण ॲडमिन व्हायला घाबरतात. दुसऱ्यानं टाकलेल्यासाठी मला धरतील, म्हणतात. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की संगनमत नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी नुसत्या ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करून 'फक्त ॲडमिन लिहितील' असं करून ठेवू नका. तसं केलं असतं तर वहीतलं ते पान आमच्यापर्यंत आलंच नसतं.

पेटी वाचणारे आता आम्ही तिघे नाही, चौघे आहोत. चौथ्या त्याच ताई. मध्यंतरी ग्रुपवर मेसेज आला: पीएम किसानचा हप्ता जमा झाला, यादीत नाव पाहण्यासाठी फाईल उघडा. त्यात यादीतला एकही शब्द नव्हता, त्यामुळे बॉटनं तो सोडला. ताईंनी फाईलच्या नावाचा शेवट पाहिला. तिथे टिंब देऊन एपीके लिहिलं होतं. म्हणजे यादी नव्हे, ॲप. असं ॲप बसलं की बँकेचे ओटीपी चोराच्या हाती. त्यांनी फाईल काढली आणि खाली लिहिलं, "कोणी उघडली असेल त लाजू नका, आत्ता सांगा." दोघांनी कळवलं. त्यातल्या एकानं ती खरंच उघडली होती. त्याला लगेच 1930 वर फोन करायला लावला, बँकेलाही कळवायला सांगितलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, पुन्हा सांगतो, एक-नऊ-तीन-शून्य. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नमस्कार.