छप्पन्न वेळा चार

श्रोतेहो, नमस्कार.

घरातून थेट इंटरनेट रेडिओ चालवायचा, असं ज्यांच्या डोक्यात शिरलंय त्यांच्यासाठी आज बोलणार आहे. एकदा शिरलं की ते निघत नाही, हे मी स्वानुभवानं सांगते.

लॅपटॉप आणि बऱ्यापैकी इंटरनेट घरात आहे, असं धरून चालते. माइकवर फार खर्च करू नका, साधा यूएसबी माइक पुरतो. मोकळ्या भिंतींची खोली घुमते, आणि भारी माइक काय करतो, तर ते घुमणं आणखी बारकाईनं टिपतो. त्यापेक्षा कपड्यांचं कपाट सताड उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बसा. कपडे आवाज पितात. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि कानाला हेडफोन. स्पीकर चालू ठेवलात तर त्यातला आवाज पुन्हा माइकात शिरतो आणि शिट्टी सुरू होते.

एक गोष्ट मात्र माइक घेण्याच्याही आधी शिका. वाक्याचा शेवट गिळू नका. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागून येतं. ‘उद्या कार्यक्रम होणार नाही’ यातला ‘नाही’ घशात राहिला, की उद्या लोक रेडिओ लावून बसणार. हल्ली तर बोलण्याची एक तऱ्हाच निघालीय, वाक्य जोरात सुरू करायचं आणि शेवटाला श्वासात विरघळवून टाकायचं. त्याला म्हणे भावपूर्ण निवेदन म्हणतात. मला तर दमेकरी निवेदन वाटतं. असो.

आता आवाजाचा प्रवास बघू. लॅपटॉपवर एन्कोडर नावाचा प्रोग्राम लागतो. तो माइकमधला आवाज आवळून एमपीथ्री किंवा ऑपस या साच्यात बसवतो आणि सर्व्हरकडे, म्हणजे इंटरनेटवर कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरकडे, धाडतो. ‘बट’ नावाचा एक मोफत एन्कोडर आहे, मी तोच वापरते. सर्व्हरसाठी ‘आइसकास्ट’, तोही मोफत. आइसकास्ट भाड्याच्या सर्व्हरवर बसवा, घरच्या कॉम्प्युटरवर नको. कारण असं, की तुमच्या घरातून एकच प्रवाह निघतो आणि सर्व्हर त्याच्या प्रती काढून श्रोत्यांना वाटतो. सर्व्हरच घरात ठेवलात तर वाटपाचा सगळा भार घरच्या अपलोडवर पडतो. सेकंदाला १२८ किलोबिटचा प्रवाह आणि ५० श्रोते, म्हणजे सेकंदाला ६.४ मेगाबिट, तेही अखंड. नुसतं बोलणं असेल तर ६४ किलोबिट मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, पुष्कळ झालं. श्रोत्याचा तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो, १२८ ठेवलंत तर दुप्पट. तेव्हा लक्षात ठेवा, घरातून एक, सर्व्हरकडून अनेक. घरातून एकच.

आइसकास्ट बसवलं की पहिल्यांदा पासवर्ड बदला. त्याच्या सोबत येणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये पासवर्ड म्हणून ‘हॅकमी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं. पासवर्ड बदला.

गाणी लावणार असाल तर एवढंच सांगते. विकत घेतलेलं गाणं तुम्हाला ऐकायला मिळालेलं असतं, जगाला ऐकवायला नाही. शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, आणि परवानगी दोन्हींची लागते.

शिवाय ‘थेट’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. नवा श्रोता जोडला गेला, की आइसकास्ट ६४ किलोबाइटचा साठा एकदम त्याच्या हातात ठेवतो. एक बाइट म्हणजे आठ बिट, तेव्हा १२८ किलोबिटला तो चार सेकंदांचा आवाज झाला. वर त्याच्या फोनमधला प्लेअर स्वतःचा साठा करतो तो निराळाच. त्यामुळे श्रोता तुमच्या पाच-दहा, कधी वीस सेकंद मागे असतो. कुणाला फोनवरून कार्यक्रमात घेतलंत, तर आधी त्याच्याकडचा रेडिओ बंद करायला सांगा. नाहीतर तो स्वतःचंच बोलणं मागून ऐकतो आणि अडखळत बसतो.

आता शेवटची सोय, आणि मग माझी गोष्ट. इंटरनेट कधी ना कधी तुटणार. तुटलं तर श्रोत्यांच्या कानी नुसती शांतता पडू नये, म्हणून आइसकास्टमध्ये ‘फॉलबॅक माउंट’ असतो. माउंट म्हणजे सर्व्हरवरचा प्रवाहाचा पत्ता. मुख्य पत्त्यावरचा प्रवाह थांबला, की सर्व्हर सगळ्या श्रोत्यांना उचलून दुसऱ्या पत्त्यावर नेऊन ठेवतो. तिथे एखादं ध्वनिमुद्रण सतत वाजत असतं. श्रोत्याला बोटसुद्धा हलवावं लागत नाही. फार चांगली सोय आहे. माझी फजिती हिनंच केली.

माझा पहिला कार्यक्रम होता. विषय घेतला होता विसराळूपणा. दहा दिवस तयारी चालली होती, रात्ररात्र चाचण्या चालल्या होत्या. फॉलबॅकवर काहीतरी वाजत असायला हवं, म्हणून चाचणीचंच एक ध्वनिमुद्रण तात्पुरतं टाकून दिलं. पाऊण मिनिटाचं. त्यात मी म्हणते, ‘एक, दोन, तीन, चार. ऐकू येतंय का?’ मग थोडी खुडबुड. मग, ‘थांबा हं, वायर हलतेय.’ आणि पुन्हा, ‘ऐकू येतंय का?’ बस, एवढंच. नंतर नीट निवेदन ध्वनिमुद्रित करून ते बदलायचं ठरवलं होतं, आणि विसरले. विषय कुठला होता ते सांगितलंच.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पडद्यावर आकडा होता १९. एकोणीस श्रोते. सगळे नात्यातले आणि ओळखीतले, पण आकडा बघून माझा आवाजच भारदस्त झाला. मी होते वाय-फायवर, आणि राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे. आठव्या मिनिटाला घरात कुणीतरी मायक्रोवेव्ह लावला. मायक्रोवेव्ह आणि आमचं ते वाय-फाय, दोघांचाही संसार २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. एकाच ओट्यावर दोघी जावा. प्रवाह तुटला. सर्व्हर दहा सेकंद वाट बघतो आणि मग प्रवाह संपला असं धरतो. त्यानं तसं धरलं, आणि एकोणीस जणांना उचलून फॉलबॅकवर नेऊन ठेवलं. इकडे एन्कोडरनं आपणहून पुन्हा जोडून घेतलं, हिरव्या पट्ट्या पुन्हा नाचायला लागल्या. मी बोलतच होते.

प्रवाह परत आला, श्रोते मात्र परत आले नाहीत. कारण श्रोत्यांना फॉलबॅकवर नेणं ही एक सूचना आणि तिथून परत आणणं ही दुसरी. त्या दुसरीला ‘फॉलबॅक ओव्हरराइड’ म्हणतात, आणि मुद्दाम चालू केल्याशिवाय ती बंदच असते. मी नेण्याची व्यवस्था केली होती, आणण्याची नाही.

मला यातलं काही दिसलं नाही. मला दिसला तो आकडा. १९ चा एकदम ० झाला. पोटात गोळा आला. बोलता बोलताच मोबाइलवर स्वतःचा रेडिओ लावून कानाशी धरला, तर सगळं व्यवस्थित! माझाच आवाज, थोडा मागून येणारा. पडद्यावर ० चा १ झाला. म्हणजे बिघाड काही नाही, लोकच कंटाळून उठून गेले, असं मी समजले. अहो, नवा जोडला जाणारा श्रोता मुख्य पत्त्यावर येतो. मी तपासलं ते नव्या श्रोत्याच्या कानानं. जुने एकोणीस भलतीकडेच अडकले होते.

तेवढ्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, ‘हो, येतंय.’ मागोमाग दुसरा, ‘स्पष्ट येतंय.’ माझा जीव भांड्यात पडला. आकडाच चुकतोय, लोक आहेत! मी दोन्ही निरोप कार्यक्रमात वाचून दाखवले, आभार मानले. मग ‘येतंय, ताई.’ मग ‘हो हो, येतंय म्हटलं ना.’ न विचारता लोक इतक्या वेळा का सांगतायत, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. एकानं लिहिलं, ‘विषय छान मांडलाय, बाई खरंच विसरते असं वाटतं.’ तेसुद्धा मी कौतुकानं वाचून दाखवलं. ‘ती वायर कशाला तरी टेकवून ठेवा’ असंही एक आलं. ते दुसऱ्या कुणाचं चुकून इकडे पडलं असेल म्हणून सोडून दिलं.

मग भांडण लागलं. उशिरा आलेले चार जण होते. त्यांना खरा कार्यक्रम ऐकू येत होता. त्यांच्यातल्या एकीनं लिहिलं, ‘चष्म्याचा किस्सा झकास.’ जुन्यांपैकी एक काका उसळले, ‘कुठला चष्मा? इथे चारच्या पुढे गाडी जात नाहीये.’ ती म्हणाली, ‘नीट ऐका.’ काका म्हणाले, ‘अर्धा तास नीटच ऐकतोय.’ मला वाटलं, वा, माझ्या कार्यक्रमावर मतभेद व्हायला लागले.

पन्नासाव्या मिनिटाला फोन वाजला. माझी मावशी. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. मी उत्साहानं फोन कार्यक्रमातच घेतला.

‘अगं, पाच कधी म्हणणार आहेस?’

मी म्हटलं, ‘काय?’

‘छप्पन्न वेळा मोजलंस चारपर्यंत. वहीत खुणा केल्यात मी.’

श्रोतेहो, बेचाळीस मिनिटं आणि पाऊण मिनिटाचं एक आवर्तन. करा हिशेब. एकही खूण चुकलेली नव्हती.

मी कसंबसं विचारलं, ‘अगं मावशी, मग बंद का नाही केलंस?’

तर म्हणाली, ‘तू विचारत होतीस ना, ऐकू येतंय का म्हणून. मी दर वेळेला हो म्हणत होते.’

हे संभाषण अर्थातच थेट प्रक्षेपित झालं, फक्त त्या नव्या चौघांसाठी. मावशीसकट बाकी सगळ्यांना तेव्हा वायर हलत असल्याचंच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी जे केलं ते तुम्ही पहिल्याच दिवशी करा. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत वायर लावा. वाय-फाय कितीही वेगवान असो, वायर लावा. फॉलबॅक माउंट लिहिलात की त्याच्या खालीच ओव्हरराइड चालू करा. फॉलबॅकवरचं ध्वनिमुद्रण मुख्य प्रवाहाच्याच साच्यातलं हवं, म्हणजे तोच कोडेक (आवाज आवळायची पद्धत), तोच सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा). नाहीतर इकडून तिकडे जाताना काही प्लेअर बंदच पडतात. आणि श्रोत्यांचा आकडा बघायचा तर सगळ्या माउंटचा बघा, एकट्या मुख्य माउंटचा नको. तेव्हा मी दुसरा आकडा बघितला असता तर एकोणीस जण तिथे बसलेले दिसले असते.

शिवाय घरातला एखादा जुना मोबाइल शोधा. कार्यक्रमाच्या पहिल्या मिनिटाला त्यावर रेडिओ लावा, दुसऱ्या खोलीत ठेवा आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. बंद करून परत लावलात की तो नवा श्रोता झाला, मग त्याचा उपयोग नाही. सुरुवातीपासून बसलेला एक तरी श्रोता आपल्या हाताशी पाहिजे. माझ्याकडचा तसा मोबाइल कपड्यांच्या घडीखाली असतो. मध्येच दार ढकलून कानोसा घेते.

कार्यक्रमाआधी इंटरनेट मुद्दाम तोडून बघा. वायर उपसा, वीस सेकंद थांबा, परत लावा, आणि तो जुना मोबाइल काय करतो ते ऐका. आधी फॉलबॅक वाजला पाहिजे आणि मग तुमचा आवाज परत आला पाहिजे. दोन्ही झाल्याशिवाय लोकांना बोलावू नका.

फॉलबॅकवरचं माझं ते ध्वनिमुद्रण मी काढून टाकलं. आता तिथे मावशीचा आवाज आहे. ‘प्रक्षेपण थोडा वेळ तुटलं आहे, परत येईल, बसून राहा,’ असं ती सांगते. तेवढंच पुरे, असं मी तिला बजावलं होतं. तिनं ऐकलं नाही. थोडं थांबते, आणि पाचापासून पुढे मोजायला लागते.

नमस्कार.