गेट पडल्यावर काय करता?

मंडळी, ‘स्वतःकडे बघायला वेळ कुठाय?’ हे आपल्या बेळगावच्या शहापूर-वडगावात मी इतक्यांदा ऐकलंय की आता उलट विचारतो: टिळकवाडीचं रेल्वे गेट पडल्यावर तुम्ही काय करता? होय की, मोबाईल काढता! गाडी जाईपर्यंत कुणाच्या तरी बारशाचे फोटो बघून अंगठा दाखवता. म्हणजे वेळ होता.

उद्यमबागेत कारखान्याची पाळी सुटते, खानापूरची बस येत नाही, विणताना मागावर धोट्यातली धाग्याची कांडी संपते. दिवस मधेमधे आपणहून थांबतच असतो. कांडी बदलायला काही क्षणच लागतात. तेवढ्यात चिंतन होत नाही, पण एक प्रश्न मावतो.

‘उद्यापासून रोज आत्मपरीक्षण’ हा पाडव्याचा संकल्प आठवड्यात विरतो, कारण तो कशालाच बांधलेला नसतो. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली आपल्या अभ्यासाचा जो गोषवारा मांडला, तो हाच: नुसतं ‘करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधी ठरवलं, तर काम हातून होण्याची शक्यता वाढते. म्हणून गेट पडलं की खिशाकडे हात न्यायचा नाही. एवढंच ठरवा.

आता प्रश्न कोणता? खरी गोम इथं आहे. आपल्यातले बरेच जण स्वतःचा विचार कमी नाही, फार करतात. रात्री दोनला छताकडे बघत ‘तो असं का बोलला, माझंच असं का होतं’ हे उगाळणं म्हणजे चिंतन नव्हे. त्याच १९९९ साली ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या दोन संशोधकांनी या दोन सवयी वेगवेगळ्या मोजायची प्रश्नावली केली. एक भीतीतून, तोट्याच्या जाणिवेतून येते, दुसरी कुतूहलातून. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, माणूस गप्प बसलेला.

माझा साधा उपाय: ‘का’ बाजूला ठेवा, ‘काय’ विचारा. ‘मी का चिडलो?’ म्हटलं की मन वकील लावतं. ‘चिडलो तेव्हा नेमकं काय चाललं होतं?’ म्हटलं की आठवतं: जेवण झालं नव्हतं, गिऱ्हाईक ताटकळलं होतं, पोराचा फोन आला होता. खडेबाजारातल्या दुकानदारांना मी सांगतो, रात्री रोजमेळ लिहितच असता ना? त्याखाली याची एक ओळ लिहा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, त्यावरून कोणी आंदोलन करणार नाही.

आणखी एक गंमत. अमेरिकेतले ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांना २०१४च्या अभ्यासात दिसलं, की भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगी मनातल्या मनात ‘मी’ न म्हणता स्वतःला नावानं हाक मारणारे लोक जरा कमी घाबरतात. करून बघा, फक्त मोठ्यानं नको.

एका ताईंची चिठ्ठी आलीय: ‘आमच्या घरात गेटच पडत नाही.’ बरोबर आहे. सकाळच्या पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत त्यांचा दिवस सलग असतो, आणि बसल्या तर ‘मोकळीच आहेस ना?’ म्हणून कोणी हाक मारतंच. त्यांना मी कुठला प्रश्न देऊ? हे काम समोर बसलेल्या पुरुष मंडळींचं. आज घरी गेल्यावर चहा तुम्ही ठेवा, आणि साखर कुठंय हे विचारू नका.