सुझनच्या डोळ्यात

या पिवळ्या फुलांच्या झाडाचं नाव ब्लॅक-आयड सुझन, काळ्या डोळ्यांची सुझन. पण जरा जवळ जाऊन पाहा. फुलाच्या मधोमधचा हा डोळा काळा नाही, गडद चॉकलेटी आहे. शिवाय तो एकच डोळाही नाही. इवल्या इवल्या कितीतरी फुलांची ही दाटी आहे. वनस्पतिशास्त्रात त्यांना बिंबपुष्पकं म्हणतात. ती उमलतात खालच्या कडेपासून, आणि परागांचं पिवळं कडं दिवसागणिक वर चढत जातं. एकाच फुलापाशी चार-पाच दिवस रोज थांबलात, तर हे चढणं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पाकळ्या आपल्याला पिवळ्याजर्द दिसतात. मधमाशीला मात्र अतिनील किरणही दिसतात, आणि त्या उजेडात पाकळ्यांचा तळाकडचा भाग काळोखा असतो. म्हणजे तिला दिसणारा सुझनचा डोळा आपल्याला दिसतो त्याहून कितीतरी मोठा!

ही मूळची उत्तर अमेरिकेतल्या उघड्या माळरानांवरची. रुडबेकिया हिर्टा हे तिचं शास्त्रीय नाव. हिर्टा म्हणजे केसाळ. पानावरून बोट फिरवलं की ती खरखरीत लव लगेच जाणवते.

माळरानातली असल्यामुळे तिला दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत दांडे लांबतात, फुलं रोडावतात. खताचा हात आखडताच ठेवा. फार पोसलेलं झाड माजतं आणि कलंडतं. पाण्याचा निचरा मात्र चांगला हवा.

बी पेरताना एक चूक हमखास होते: ते मातीत खोल गाडलं जातं. या बियांना रुजायला उजेड लागतो. ओल्या मातीवर भुरभुरा, तळहाताने हलकेच दाबा, बस्स. कोंब यायला एक ते तीन आठवडे लागतात. पुढे दोन रोपांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. वारा खेळला नाही की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. पाणीही बुंध्याशीच घाला.

हिर्टाचं आयुष्य थोडं, बहुधा दोन-तीन वर्षांचं. कोमेजलेली फुलं खुडत राहिलं की बहर लांबतो, आणि मीही खुडते. पण हंगामाच्या शेवटची बोंडं झाडावरच वाळू देते. त्यातलं काही बी पाखरं टिपतात. उरलेलं खाली सांडतं आणि पुढच्या वर्षी, मी पेरलंच नव्हतं अशा कोपऱ्यात, दोन केसाळ पानं वर येतात.