शाळा सुटल्यावर काय?

नमस्कार श्रोतेहो.

बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी आपल्याकडे शाळा निघाल्या, त्यातल्या कितीतरी आईवडिलांनी काढल्या, तेही नाइलाजानं. मुंबईत १९४४ साली जेरबाई आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्यानं आपल्या दीनासाठी शाळा सुरू केली. दीनाला डाऊन सिंड्रोम होता. सोबतीला आणखी मोजकीच मुलं. शिवडीची आजची जय वकील शाळा ती हीच. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं, त्यामागेही त्यांचा मुलगा गौतम होता.

इंग्लंडमध्ये वेगळं नव्हतं. जूडी फ्राइड या आईनं १९४६ साली एका मासिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना साद घातली आणि त्यातून संघटना उभी राहिली, आजची मेनकॅप. तिथला कायदा अशा मुलांना चक्क ‘शिकवण्याजोगी नाहीत’ असं ठरवत होता. तो बदलायला १९७० उजाडलं!

पण शाळा हा प्रश्नाचा सोपा भाग. मुलं मोठी होतात, शाळा संपते, आईवडील साठीला टेकतात आणि पालकांच्या बैठकीत एकच वाक्य फिरू लागतं, ‘आमच्या माघारी याचं कसं होणार?’ बदलापूरची आधार, डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल ही पालकांनी उभारलेली निवासी ठिकाणं या काळजीतून आली. माझ्या मते पालक चळवळीचं खरं मोठं काम हेच, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

दुसरी अडचण कागदाची. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी ते सज्ञान. मग त्याच्या नावावरच्या घराचं, पैशाचं काय? पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ मध्ये झाला, आणि १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवता येतं. मुलाचा कायदेशीर पालक म्हणून तुम्ही कुणाचंही नाव सुचवू शकता. बहुतेक जण सख्ख्या भावंडाचं लिहितात; आधी त्याला विचारा हो!

या समितीत एक सदस्य दिव्यांग व्यक्ती असावी, असं कायदाच सांगतो. पालक संघटनांच्या स्वतःच्या कार्यकारिणीत मात्र अशी खुर्ची मला क्वचितच दिसते.