रिपोर्ट बरा होता, तरी हाड मोडलंच कसं?

"डेक्साचा रिपोर्ट बरा आला होता. मग साधं घसरल्यावर मनगट कसं मोडलं?" व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आज सुरुवातच त्याने करू.

डेक्सा ही क्ष-किरणांची तपासणी, ती हाडातलं खनिज मोजते. टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), हा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिला. तो उपयोगाचा आहेच. पण किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्यांपैकी बरेच जण या रेषेच्या वरचे निघतात.

मणक्याचं हाड आतून भरीव नसतं. तिथे बारीक काड्यांची आणि पट्ट्यांची जाळी असते, एकेक काडी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाड. जुनं हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तिच्यावर खड्डे पाडतात आणि मागून येणाऱ्या पेशी ते भरतात. खड्डा जेमतेम ०.०५ मिलिमीटर खोल. जाडजूड काडीला त्याचं काही वाटत नाही. आधीच झिजलेल्या काडीला मात्र दोन्ही बाजूंनी खड्डे पडले की ती आरपार तुटते. मग नवं हाड घालायला तिथे पृष्ठभागच उरत नाही, आणि जाळीतला तो जोड कायमचा जातो.

आता एक उभी काडी डोळ्यांसमोर आणा, मधोमध आडव्या काडीचा टेकू असलेली. टेकू गेला की तिची बिनआधाराची लांबी दुप्पट होते. बारीक खांब किती भाराला वाकेल, ते या लांबीच्या वर्गावर ठरतं. म्हणजे बाकी सगळं तेच धरलं तर ताकद उरली चौथाई. आणि खनिज किती घटलं? एका आडव्या काडीपुरतं! डेक्साला त्याचा पत्ताही लागत नाही.

उलटा प्रकारही घडलाय. सोडियम फ्लोराइडच्या गोळ्यांनी मणक्याची घनता, म्हणजे डेक्सा मोजतं ते खनिज, झकास वाढते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती सुमारे ३५ टक्के वाढली. पण मणक्यांचे फ्रॅक्चर लक्षणीय घटले नाहीत, इतर हाडांचे तर वाढले. खनिज भरपूर, पण घडण बिघडलेली.

हाडाचा चिवटपणा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनामुळे असतो. हाड काही दिवस आम्लात ठेवा, खनिज विरघळतं आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. टाइप २ मधुमेहात वाढलेली साखर याच कोलॅजेनला चिकटून त्याला ताठर करते. त्यामुळे घनता चांगली दिसत असूनही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो.

रोजच्या हालचालींनीही हाडात सूक्ष्म भेगा पडतात, आणि त्या बुजवायला हीच खोदाई-भराई लागते. ती फार वाढली तर जाळी तुटते, फार दाबली तर भेगा साठतात. बिस्फॉस्फोनेट, म्हणजे ही खोदाई दाबणाऱ्या गोळ्या, दीर्घकाळ घेणाऱ्या थोड्या रुग्णांत मांडीचं हाड विचित्र आडवं मोडतं, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. (हे ऐकून उद्या गोळ्या बंद करू नका, बहुतेकांना त्यांचा फायदाच जास्त आहे.)

तर ते मनगट. किरकोळ पडण्याने एकदा हाड मोडणं हा पुढच्या फ्रॅक्चरचा मोठा इशारा असतो, रिपोर्ट काहीही म्हणो. डॉक्टरांकडे गेलात की आधी ते सांगा, कागद मग काढा.